आजारातून उठलेल्यांचा योग कुठे?

संपादक महोदय,

२१ जून आला की पावसाची झड चुकवून सभागृहांत चटया अंथरल्या जातात, शाळकरी मुले सूर्यनमस्कार घालतात, पुढारी वृक्षासनात डुलतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो आपल्या अंकात येतात. त्याला माझा आक्षेप नाही. २०१५ पासून साजऱ्या होणाऱ्या या दिवसाने योगाचे नाव घरोघरी नेले. पण त्या चटयांवर गुडघा बदललेली मावशी, केमोथेरपी संपवून घरी आलेली वहिनी किंवा अँजिओप्लास्टीनंतर जिना चढायला बिचकणारे काका मला कधी दिसले नाहीत. सौम्य योगाची गरज खरी यांनाच, आणि खाली बसता येत नाही म्हणून घरी राहतात तेही हेच.

माझ्या सासूबाईंची हाडे ठिसूळ झाली आहेत. 'हलका व्यायाम करा' एवढेच डॉक्टर म्हणाले. जवळच्या एका वर्गात त्यांना घेऊन गेले, तर शिक्षकाने एकही कागद न बघता पहिल्याच दिवशी पाय लांब करून पुढे वाकायचे पश्चिमोत्तानासन घ्यायला सांगितले. ठिसूळ मणका पुढे जोराने वाकवला तर दबून मोडू शकतो. 'माका जमचें ना' म्हणून त्या सरळ उठल्या, म्हणून बरे!

उलट आपल्या गोव्यातच आरंबोल, मांद्रे, आसगावकडे उशा, पट्टे, खुर्च्या यांच्या आधाराने हळुवार आसने शिकवणारे वर्ग आहेत. पण शिकवणे इंग्रजीत आणि फी पर्यटकांच्या खिशाला बेतलेली. गंमत अशी की ही साधने रूढ केली पुण्यात बसून योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी. ती जग फिरून मांद्र्याला पोचली, आमच्या फोंड्याकडे मात्र वळली नाहीत.

सौम्य योगाने आजार पळतो असे मी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहावे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही. आधार म्हणून त्याचा उपयोग किती, हे मात्र आपल्याकडेच तपासले गेले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली होती, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचण्यांचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा २०१७ चा आढावा सांगतो की योगाने थकवा आणि झोपेच्या तक्रारी कमी व्हायला मदत होते. कर्करोग बरा होतो असे त्यात कुठेही नाही. पण रात्रभर टक्क जागणाऱ्या बाईला सलग झोप लागली तर ते काय थोडे?

करायचे तरी काय असते? खुर्चीत बसून घोटे फिरवणे, खांदे सैल करणे, भिंतीला हात टेकून उभे राहणे, श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडणे. असा संथ श्वास चालला की नाडीची घाई उतरते. पण इथेही माणूस बघून शिकवावे लागते. काचबिंदू असलेल्याने डोके खाली जाईल असे आसन टाळावे, रक्तदाब असलेल्याने श्वास कोंडू नये, खुबा बदललेल्याला मांडी घालायला लावू नये. हे ज्याला माहीत नाही त्याने तरुणांना खुशाल सूर्यनमस्कार शिकवावेत.

जागेची अडचण सांगू नये. देवळाची अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामाची जागा), चर्चचा हॉल, पंचायतीचे सभागृह, यांतले काही ना काही गावोगाव आहे आणि सकाळच्या वेळी बऱ्याचदा रिकामे असते. आरोग्य केंद्रांतून योगवर्ग चालवण्याची सरकारची योजनाही आहेच. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिने फिजिओथेरपिस्टना सोबत घेऊन गावातल्या योगशिक्षकांना आजारी माणसांना शिकवण्याचे प्रशिक्षण द्यावे, आणि वर्गात नाव घालताना रुग्णाचे कागद बघणे आरोग्य खात्याने सक्तीचे करावे. सुरुवात पावसाळ्यातच व्हावी, कारण निसरड्या वाटांमुळे म्हाताऱ्या माणसांचे चालणे नेमके तेव्हाच बंद पडते. आणि खुर्च्या लग्नमंडपातल्या प्लास्टिकच्या नकोत. त्या गुळगुळीत लादीवर सरकतात. जड लाकडी असाव्यात, आणि त्या भिंतीला टेकवून ठेवाव्यात.

– एक वाचिका, म्हार्दोळ