काका, आता फोन ठेवून दाखवा

काका, सप्रेम नमस्कार,

फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता आणि आभार मानूच देत नाही, म्हणून इथे चारचौघांत लिहितोय.

साताऱ्याहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला टेम्परेचरचा लाल दिवा लागला, बाजूला घेईपर्यंत गचके देऊन इंजिन बंद आणि बॉनेटमधून वाफ. टो करून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, तर एस्टिमेट आलं, इंजिन गेलंय, हाफ इंजिन (इंजिनचा खालचा मुख्य भाग) नवं टाकावं लागेल, १ लाख ६० हजार. वर लगेच हो म्हणा नाहीतर रोजचं पार्किंग लागेल. माझी तर बोलतीच बंद.

तुम्ही आलात, ना आवाज चढवलात ना ओळखी सांगितल्यात, फक्त विचारलंत, "कॉम्प्रेशन किती आलं?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण सिलिंडरमधला दाब मोजायची ती टेस्ट कोणी केलीच नव्हती! मग करायला लावलीत, शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरचं कमी आलं तसं म्हणालात की मधलं गॅस्केट (सील) उडालेलं दिसतंय, आधी हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडा, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडे असले तर दाखवा, मग इंजिनचं बोलू. ओरखडे नव्हतेच. वॉटर पंप लीक, त्यामुळे कूलंट संपलेलं आणि हेड तापून जरासं वाकलेलं, तुम्ही त्यावर पट्टी धरून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून मला दाखवलंत (मला किती कळलं ते विचारू नका). हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) गेलं, गॅस्केट आणि पंप नवा टाकला, झालं.

बिलात परत इंजेक्टर क्लीनिंग आणि एसी गॅस घुसवलेलं. तुम्ही जॉब कार्ड (करायच्या कामांचा, गिऱ्हाइकाच्या सहीचा कागद) मागवलंत आणि "यावर याची सही कुठाय?" एवढंच. मॅनेजर पॉलिसी पॉलिसी करायला लागला तर शांतपणे म्हणालात, १९१५ ला ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा नाही, आणि मी रिटायर्ड आहे, मला वेळच वेळ आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! दोन्ही आयटम कटले, ४१ हजारात गाडी बाहेर.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, ठीक आहे. रविवारी तो जुना वॉटर पंप घेऊन येतोय, तुम्हाला उघडून बघायचा होता ना. आणि काकूंसाठी आंब्याची पेटी, त्यात तुम्ही पडायचं नाही.