लाकडी पॅटर्न जळणात जाऊ नयेत

प्रति,
संपादक महोदय,

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एक जुनी फौंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, बंद झाली आणि तिच्या पॅटर्नखोलीतील सागवानी पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून वाळूत साचा उठवतात ते लाकडी नमुने, टेम्पोत भरून जळणाच्या भावाने विकले गेले. एकतीस वर्षे पॅटर्न बनवण्यात घालवलेल्या मला ते पाहवले नाही. कारखाना बंद पडणे कदाचित टळत नसेल, पण त्यातील कोणती वस्तू राखायची हे ठरवणे आपल्या हातात असते. या संदर्भात डेन्मार्कमधील बर्माइस्टर अँड वेन या जहाज कारखान्याचा इतिहास बेळगावकरांपुढे ठेवावासा वाटतो.

कोपनहेगनमध्ये १८४३ साली बाउमगार्टन यांनी काढलेल्या यंत्रशाळेत १८४६ मध्ये बर्माइस्टर भागीदार झाले, १८६५ मध्ये विल्यम वेन हे इंग्रज अभियंते आले आणि १८७२ पासून रेफ्सहेलेओएन बेटावर जहाजे बांधली जाऊ लागली. या कारखान्याचे नाव जगभर झाले ते मात्र डिझेल इंजिनामुळे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाचे डेन्मार्कपुरते हक्क कारखान्याने १८९८ मध्येच घेतले आणि इव्हार क्नुडसेन यांच्या नेतृत्वाखाली चौदा वर्षे खपून १९१२ मध्ये ‘सेलंडिया’ हे जहाज बांधून पूर्ण केले. प्रत्येकी आठ सिलिंडरची आणि १,२५० अश्वशक्तीची दोन इंजिने, तीही गरजेप्रमाणे उलटी फिरवता येणारी, त्यात बसवली होती. बॉयलर नाही, कोळसा नाही, भट्टीपुढे भाजून निघणारे कामगार नाहीत. धुराडेसुद्धा नाही, कारण इंजिनाचा धूर डोलकाठीतून बाहेर सोडलेला होता. फेब्रुवारी १९१२ मध्ये बँकॉककडे निघालेले हे जहाज लंडनला थांबले, तेव्हा ब्रिटिश नौदल खात्याचे मंत्री असलेले चर्चिल ते पाहायला आले होते. सिलिंडरच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, बारीकसे छिद्र राहिले तरी दाबाखाली काय होते, हे ज्याने मोल्डिंगची वाळू हाताळली आहे त्याला ठाऊक असते. म्हणूनच या यशात मला अभियंत्यांइतकाच ओतकाम करणाऱ्यांचाही वाटा दिसतो.

पुढे २७ जानेवारी १९४३ रोजी, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, ब्रिटिश विमानांनी या कारखान्यावर बॉम्ब टाकले. १९८० मध्ये इंजिनांचा व्यवसाय जर्मनीच्या मान कंपनीकडे गेला आणि १९९६ मध्ये जहाजबांधणीही थांबली. तरीही शहराने कारखाना पुसून टाकला नाही. ज्या प्रचंड शेडमध्ये जहाजाचे भाग जोडले जात, तेथेच २०१४ मध्ये युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा भरली. त्याहून मला मोलाचे वाटते ते याच कारखान्याचे १९३२ सालचे, २२,५०० अश्वशक्तीचे वीजकेंद्रातील इंजिन. सुमारे तीस वर्षे ते जगातील सर्वांत मोठे डिझेल इंजिन होते. आज ते संग्रहालयात आहे आणि ठरावीक रविवारी लोकांसमोर सुरू करून दाखवले जाते.

आपल्याकडे दाखवण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले ते याच बेळगावात, १८८८ मध्ये, आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर जाण्याआधी त्यांचा लोखंडी नांगरही येथेच आकाराला आला. पुढच्या काळात या गावाच्या फौंड्र्यांनी देशभरच्या इंजिनांना आणि पंपांना कास्टिंग पुरवले. ते ज्या पॅटर्नवरून ओतले गेले, त्यांची आज कुठेही नोंद नाही. ओतलेला धातू थंड होताना किती आकसेल याचा हिशेब धरून लाकूड किती वाढवून कापायचे, ही जाण त्या एकेका पॅटर्नमध्ये साठलेली आहे. पॅटर्न जळाला की तीही जाते, कारण आमच्यातील बहुतेकांनी ती कागदावर उतरवलेली नाही.

म्हणून कारखानदारांच्या संघटनांना आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की बंद होणाऱ्या फौंड्रीचे पॅटर्न, जुनी लेथ आणि ड्रॉइंग भंगारात जाण्यापूर्वी पाहून घ्यावीत आणि त्यांच्यासाठी उद्यमबागेतच एखादी शेड राखावी. हयात असलेल्या पॅटर्नमेकर आणि मोल्डरांकडून त्या वस्तूंची माहितीही लिहून घ्यावी. माझ्याकडे पंपाच्या केसिंगचे चौदा पॅटर्न आहेत. शेड मिळाली तर ते मी स्वतः आणून देईन आणि नोंदी करायला बसेन.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
अनगोळ, बेळगाव