सरपंचाची डोंगल कोणाच्या ड्रॉवरमध्ये?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या एका लहान गावाची मी पाच वर्षं सरपंच होते. त्यातली पहिली दीड वर्षं माझी सही माझ्याकडे नव्हती.

निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत एका मुलाने माझ्यासमोर मोबाइल धरला. नाव सांगायला लावलं, आधार आणि पॅन कार्ड दाखवायला लावलं. डिजिटल सही काढायची आहे, एवढंच कळलं. ती सही ज्यात असते ती पेन ड्राइव्हसारखी दिसणारी डोंगल आली आणि परस्पर ड्रॉवरमध्ये गेली. पिन लिहिलेली चिठ्ठी तिलाच चिकटवलेली होती. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "ताई, तुमले काय समजस त्यामा?" कपाशीची वेचणी सुरू होती, मीही गप्प बसले. ती माझी चूक.

पुढे एका ग्रामसभेत गावातल्या एका मुलाने गटारीच्या कामाचं बिल मोबाइलवर उघडून दाखवलं. पैसे गेले होते, मंजुरी माझ्या सहीची होती, आणि गटार अर्धीच झालेली. मी ते बिल त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चेकबुक होतं तेव्हा निदान पेन सरपंचाच्या हातात द्यावा लागायचा.

वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून खर्च होतो. त्यासाठी ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने बिल टाकायचं आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं, यासाठीच दोन सह्या ठेवल्या आहेत. दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये असतील तर तपासणार कोण?

त्यानंतर मी एका वकिलांकडून कायदा समजून घेतला. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 5 प्रमाणे या सहीला हातच्या सहीइतकीच किंमत आहे. खरा घोर लावला तो कलम 42 ने. सहीची गुप्त किल्ली, म्हणजे डोंगलमध्ये असते ती, स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर सही देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. म्हणजे उद्या चौकशी लागली, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली पद जाणार बाईचं, आणि ड्रॉवरची चावी ठेवणारा नामानिराळा. वाईट हेतूने दुसऱ्याची डिजिटल सही वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. पण डोंगल आपणच दिलेली असताना तो हेतू सिद्ध करायला कोणती बाई कोर्टाच्या पायऱ्या चढेल?

मी डोंगल मागून घेतली आणि पिन बदलला. "आमच्यावर विश्वास नाही का?" हे घरातून आणि बाहेरून बरेच महिने ऐकलं. विश्वास असला तरी कोऱ्या कागदावर अंगठा कोणी देत नाही. आमच्या आजीच्या पिढीने सावकाराला तसे अंगठे दिले आणि शेतं गमावली.

हा प्रश्न आता सरपंचापुरताही राहिलेला नाही. 2015 पासून आधारच्या ओटीपीवरही कायदेशीर ई-सही होते. किल्ली तेवढ्यापुरती तयार होते आणि सही झाली की नष्ट होते, पण कागद बांधून ठेवतो. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच खान्देशात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याच मुलखातल्या बायका आज "ओटीपी सांगा" म्हटलं की सहा आकडे सांगून मोकळ्या होतात. कशासाठी, हे त्यांना कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा 2011 पासून महिलांसाठी राखीव आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे. नव्या सरपंचाची डोंगल तिच्याच हातात द्यावी, पिन तिनेच टाकावा, आणि कलम 42 तिला मराठीत, लागलं तर अहिराणीत, वाचून दाखवून मगच पोच घ्यावी. नवरा, दीर किंवा ऑपरेटर यांच्या सहीची पोच धरू नये. आणि मुदत संपून डोंगलचं नूतनीकरण होईल, तेव्हा हे सगळं पुन्हा करावं.

आपली,
एक माजी सरपंच, जि. जळगाव