आप्पा, तुमच्या त्या तक्त्यासाठी

आदरणीय आप्पा,
साष्टांग नमस्कार.

परदेशातलं सेमिस्टर संपवून गावी आले तेव्हा सत्कार माझा झाला. तुम्ही त्या वेळी कॉलेजच्या परीक्षा विभागात माझे तिकडचे गुण नोंदवून घेत होतात. म्हणून हे आभार चारचौघांत मानते.

इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेची शिष्यवृत्ती मिळाली, पण निघण्याआधी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' लागतं. तिथे कोणते विषय घेणार, ते इथे कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, हे ठरवून विद्यार्थी आणि दोन्ही संस्थांनी सह्या करायच्या. दुसऱ्या एका कॉलेजातल्या मुलाचं नेमकं हेच राहिलं आणि परत आल्यावर त्याला तेच सेमिस्टर पुन्हा द्यावं लागलं. हे कळल्यावर आमच्या घरचे कचरले. तुम्ही म्हणालात, "तू जाय व माय, कागदपत्रं मी दखी लिसू."

आणि पाहिलीत! क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास मोजायचं एकक. तिकडे सेमिस्टरला 30 क्रेडिट, आपल्याकडे 20-22. ऑफिसात सगळे तिथेच अडले. तुम्ही लेजरच्या पानावर रकाने आखून एकेका विषयाचे तास मांडलेत. त्यांचं एक क्रेडिट 25 ते 30 तासांचं, पण त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपलं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, नाहीतर प्रॅक्टिकलचे 30. जुळलं नाही तिथे लाल शाईची खूण करून मला सरांकडे पिटाळलंत. निवृत्ती तोंडावर असताना, ऑफिस सुटल्यावर बसून.

2020 चं शैक्षणिक धोरण आलं, 2021 मध्ये क्रेडिट बँकेचे, म्हणजे विद्यार्थ्याची वेगवेगळ्या संस्थांतली क्रेडिट एका खात्यात जमा ठेवण्याचे, नियम आले. मला दोन्ही मनापासून पटतात. पण आमच्यासारख्या गावच्या कॉलेजात त्यांचा उपयोग व्हायला तुमच्यासारखं कुणीतरी रकाने भरायला बसावं लागतं, आणि या कामाला कुणी सुधारणा म्हणत नाही. मी म्हणते. युरोपातही ही क्रेडिट पद्धत 1989 ला आधी प्रयोग म्हणूनच सुरू झाली होती.

तुम्ही माझ्यापुरतं थांबला नाहीत, याचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं. तोच तक्ता नमुना म्हणून अभ्यास मंडळापुढे ठेवायला लावलात. यंदा शहाद्याकडची एक मुलगी चालली आहे. तिचे विषय ती निघण्याआधीच मंजूर झालेत.

प्रॅक्टिकलच्या तासांचा मुद्दा अजून लोंबकळतोय. पुढच्या बैठकीत तो मांडायला मला बोलावलंय. त्याआधी एकदा घरी येते, जुनं लेजर काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी