हिरवा नकाशा खोडापाशी तपासा

मा. उपवनसंरक्षक,
नाशिक पश्चिम वनविभाग, यांस

स.न.वि.वि.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात हेक्टरभराहून मोठ्या जागेवर झाडांचे १० टक्के छत्र असले की ते वनाच्छादन; मग ती देवराई असो, आमराई असो की ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड. त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांतले जुने, ओले रान त्या नकाशात वेगळे निघत नाही. खोडावरचे दगडफूल (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल किंवा नीलहरित जिवाणू यांची जोडी) आणि शेवाळ पाहिले तर निघते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या वर्षावनांचा जुनेपणा याच खुणांवर जोखतात. त्या जाती इथल्या नव्हेत, पण तर्क इथेही लागू पडतो.

हिरव्या शैवालाचे दगडफूल नुसत्या दमट हवेवरही अन्न तयार करू लागते. नीलहरित जिवाणूंच्या दगडफुलाला मात्र प्रत्यक्ष पाणी लागते. म्हणून भिजल्यावर जेलीसारखी फुगणारी लेप्टोजियम, कोलेमा ही काळसर दगडफुले आणि डहाळ्यांवरून लोंबणारे शेवाळ एकत्र दिसले, की तिथे पावसानंतरही ओल टिकते असे धरावे.

या दगडफूल-शेवाळाची मोजणी वनविभागाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. मे महिन्यात शेवाळ आक्रसून सालीच्या रंगाचे होते. तेव्हा जावेच लागले तर आधी पाणी फवारून थोडे थांबावे. प्रत्येक तुकड्यात काठापासून आत, सरळ वाढलेली १० झाडे घ्यावीत, आणि सगळीकडे एकाच जातीची: आंबा, नाहीतर जांभूळ. अर्जुन नको, त्याची साल सुटते. खोडावर चारही दिशांना, जमिनीपासून १ मीटरवर, १० सेंमीच्या पाच चौकोनांची उभी दोरीची चौकट लावावी. झाडाचे २० चौकोन होतात. त्यांतल्या किती चौकोनांत कोणती जात आहे, एवढेच लिहायचे.

‘दगडफूल भरपूर’ ही नोंद मात्र निरुपयोगी. हमरस्त्याकडेच्या धुळीत तग धरणारी पिक्सीन कोकोस ही दगडफुलाची जातसुद्धा खोड भरून टाकते. राब भाजताना (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना) किंवा वणव्यात खालचे शेवाळ जळते, म्हणून खोडावरचा काळा डाग किती उंच आहे तेही लिहावे. नाहीतर चांगले रान उगाच नापास होईल. जात ओळखायला दगडफुलावर ब्लीचचा थेंब टाकून रंग पाहतात; त्या रंगचाचणीचे ब्लीच ताजे हवे. जुन्या बाटलीने लाल रंग उमटत नाही आणि जात चुकते. नमुना नखाएवढा, कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ओळख पटवायला पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे.

सुरुवात इगतपुरी आणि त्र्यंबक परिक्षेत्रांतून व्हावी. नोंदी कार्य आयोजनेत (वनविभागाच्या व्यवस्थापन आराखड्यात) घ्याव्यात. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मात्र जाहीर करू नयेत: मसाल्याच्या दगडफुलाला बाजारात भाव आहे, आणि खरवडलेले खोड भरून यायला वर्षे लागतात.

आपले,
नाशिकमधील दगडफूल व शेवाळ अभ्यासक