आंबील ओढ्याला काठ हवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : पुण्यातील आंबील ओढ्याच्या काठाने सलग पायवाट व सायकलवाट मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात सहकारनगरात राहतो. वय सदुसष्ट, निवृत्त ड्राफ्ट्समन. गेल्या उन्हाळ्यात चार महिने अमेरिकेत डेन्व्हरला मुलीकडे होतो. जावई म्हणाले, "बाबा, माझी सायकल नुसती पडून आहे, घेऊन जात जा." मग रोज सकाळी चहा झाला की मी टांग मारायचो आणि चेरी क्रीकच्या काठाने निघायचो. आपल्याकडे 'क्रीक' म्हटले की खाडी आठवते, पण डेन्व्हरपासून समुद्र हजार किलोमीटरहून दूर. चेरी क्रीक हा सरळसरळ ओढा आहे. एरवी घोटाभर पाणी, वाळूचे पात्र, मधेच एखादा बगळा.

हा ओढा भर शहरातून वाहतो. दोन्ही अंगांना वरून वाहनांचा मोठा रस्ता जातो, आणि खाली, माणसापेक्षा उंच भिंतींच्या आत, पाण्याला लागून वाट आहे. मध्यवस्तीत एका काठाने चालणारे आणि दुसऱ्या काठाने सायकलवाले. वरचा प्रत्येक चौक खाली नुसता पूल होऊन डोक्यावरून जातो, त्यामुळे मध्यवस्ती ओलांडेपर्यंत एकाही सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. भिंती संपल्या की वाळुंजाच्या जातीची झुडपे लागतात. पुढे कॉटनवूडची मोठमोठी झाडे आहेत. जूनमध्ये त्यांचा कापूस सावरीसारखा उडतो आणि वाटेच्या कडेला साचून राहतो. ओढा साउथ प्लॅट नदीला मिळतो तिथून निघाले की साधारण वीस किलोमीटरवर धरण येते. वाट त्याच्याही पुढे जाते. मी धरणापर्यंत दोनदाच गेलो. त्यातल्या एका फेरीत मागचे चाक बसले. टायर फिरवून पाहिला तर रुतलेला काटा ओळखीचा निघाला : सराटा! आपल्या माळरानावर अनवाणी पायात घुसतो तोच. तिथे त्याला 'बोकडाचे डोके' अशा अर्थाचे नाव आहे आणि सायकलवाले त्याला फार वैतागलेले असतात. मला मात्र रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब काढताना घरी आल्यासारखे वाटले.

पण मंत्रिमहोदय, मी पत्र लिहितोय ते एका वेगळ्या सकाळीमुळे. आदल्या संध्याकाळी धो धो वळीव पडला होता. नेहमीप्रमाणे उतारावर आलो तर खालची वाट बंद. आदल्या दिवशी मी जिथून गेलो होतो तिथे गढूळ पाणी वाहत होते. मला वाटले, काहीतरी चुकले आहे. जन्मभर नकाशे काढले असल्याने मी कठड्याला टेकून तासभर पाहत उभा राहिलो, तेव्हा उलगडा झाला. ओढा फुगला की त्याने पसरायचे कुठे, हे ठरलेले आहे, आणि ती पसरायची जागा कोरड्या दिवसांत माणसांना वापरायला दिली आहे. वरच्या रस्त्यावर थेंब आला नव्हता. दोन दिवसांनी वाटेवरचा गाळ खरवडून काढलेला होता आणि मुले पुन्हा सायकली फिरवत होती.

हे शहाणपण त्यांना सुखासुखी आलेले नाही. 1858 मध्ये सोने शोधायला आलेल्या लोकांनी या संगमावर वस्ती केली. ओढ्याच्या एका काठाला डेन्व्हर आणि दुसऱ्या काठाला ऑरारिया अशी दोन चढाओढ करणारी गावे होती. कुणाचीच बाजू घेतल्यासारखे दिसू नये म्हणून तिथल्या वर्तमानपत्राने आपली कचेरी चक्क कोरड्या पात्रात खांबांवर बांधली. मे 1864 मधल्या एका रात्री ओढ्याला लोंढा आला आणि ती कचेरी छापखान्यासकट गेली, नगरभवन गेले, माणसे गेली. 1933 मध्ये वरचे कॅसलवूड धरण फुटले आणि पुन्हा मध्यवस्तीत पाणी शिरले. आजचे धरण 1950 मध्ये पुरे झाले. जून 1965 मध्ये साउथ प्लॅट नदीला महापूर आला. त्यानंतर उकिरडा झालेल्या त्या नदीकाठाकडे शहर वळले, 1974 मध्ये काठ सुधारण्यासाठी समिती बसली आणि पुढच्याच वर्षी संगमावर बाग झाली. आज डेन्व्हरची सायकल कुठेही निघाली तरी जणू त्या संगमावरूनच जाते.

आता आपल्या ओढ्याकडे येतो. कात्रजच्या डोंगरातून निघून तलावातून पुढे पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असे करत तो मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. आज त्याच जागी सारसबाग आहे. पुणेकरांच्या कितीतरी पिढ्या तळ्यातल्या गणपतीला जातात, पण तळ्याला पाणी देणारा ओढा कुठे गेला हे विचारले तर बोट गटाराकडे जाते.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो ओढा कुठे आहे हे सगळ्यांना कळले. त्या पुरात पुणे शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. अरण्येश्वराजवळ भिंत कोसळून त्याखाली माणसे सापडली. आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढे पाणी होते. अंधारात स्कूटर एकमेकींवर आपटत होत्या, त्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते आणि एकेक करून बंद पडत होते. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीसकट जिन्याने वर नेले. त्या एवढेच विचारत होत्या, "पाणी आलं कुठून?" इतकी वर्षे ओढ्यापासून शंभर पावलांवर राहून त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. पाहणार कुठून? त्याला काठच नाही. पाठ करून उभ्या भिंती आहेत, मागे कचरा आहे, आणि वास येतो म्हणून खिडक्या बंद आहेत.

परत आल्यावर मी ओढ्याच्या बाजूने जमेल तिथे चालून पाहिले, कारण सायकल जाईल अशी जागाच नाही. एका पुलापाशी पात्राची रुंदी पावलांनी मोजली. हाकेच्या अंतरावर पुढे त्याच्या निम्मीही पावले भरली नाहीत. पाण्याने आणखी कुठे जायचे होते?

म्हणून माझी मागणी सायकलवाटेची असली तरी ती केवळ हौसेची समजू नये. दोन्ही बाजूंना वाटेपुरती मोकळी जागा सोडली, तर पुराच्या रात्री तीच जागा पाण्याला मिळते. आणि जिथून रोज शेकडो माणसे चालत, सायकलीवरून जातात तिथे रात्रीत राडारोडा टाकून पात्र बुजवता येत नाही. कुणीतरी पाहते, कुणीतरी बोलते. माझ्या मते ओढ्याला याहून चांगला राखणदार नाही.

डेन्व्हरची हुबेहूब नक्कल करा असे मी म्हणत नाही. त्यांनी मध्यवस्तीत ओढा भिंतींत बांधला, ते आपण करू नये. तिथे वर्षभरात मिळून पडतो त्याहून बराच जास्त पाऊस आपल्याकडे एका पावसाळ्यात पडतो. वर कात्रजचा डोंगर उभा आहे आणि उतार तीव्र आहे. आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त रुंदी सोडावी लागेल. पावसाळ्यात आपली वाट पुष्कळ दिवस बंद ठेवावी लागेल. ठेवू. उरलेल्या आठ महिन्यांत शाळेची मुले तिथून जातील. मात्र वाटेवर सिमेंटचा गिलावा करून मधे नळीएवढा ओढा सोडायचा आणि त्याला सुशोभीकरण म्हणायचे, असे झाले तर आमची रात्र आणखी वाईट होईल. काठावर माती राहू द्या. उंबर, करंज, वाळुंज लावा. सांडपाणी आधी वेगळ्या वाहिनीत घ्या, नाहीतर त्या वाटेवर कुणी फिरकणार नाही.

अजून एक गोष्ट मनापासून सांगतो. ओढ्याच्या काठावर गरिबांची घरेही आहेत. पुरात पहिला फटका त्यांनाच बसतो. रुंदीकरणाच्या नावाखाली त्यांना आधी उठवायचे आणि बड्या सोसायट्यांच्या भिंती तशाच ठेवायच्या, असे होऊ देऊ नका. त्यांना जवळपास पक्के घर मिळावे आणि मगच जागा मोकळी व्हावी. आमच्या सोसायटीची भिंत मागे घ्यावी लागली तर मी स्वतः सभेत तसा ठराव मांडीन.

पुणे हे सायकलींचे शहर होते. मी स्वतः कॉलेजला डबलसीट गेलो आहे. 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, पण रस्त्याच्या कडेचे तुकडे जोडून सलग वाट तयार होत नाही. ओढा मात्र मुळातच सलग आहे. तो कात्रजपासून मुठेपर्यंत शहर कापत येतो.

सुरुवात छोटी करा. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक पुलापाशी पात्राची प्रत्यक्ष रुंदी मोजून घ्या आणि मूळ रुंदी किती व आजची किती, हे दोन्ही आकडे तिथेच पुलावर पाटी लावून लिहा. खर्च फारसा नाही. मोजणीची तारीख कळवलीत तर टेपचे दुसरे टोक धरायला मी येईन.

आपला,
सहकारनगरातील एक सायकलस्वार