खंड्या जपानचा, केळीचे पान आपले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात नुकतेच नवउद्योजकांसाठी शिबिर झाले. विषय होता, निसर्ग बघून नवी उत्पादने कशी काढायची. माझे भुसावळला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. शेड आणि फलकांचे सांगाडे ही आमची रोजची कामे. म्हणून मुद्दाम गेलो.

पडद्यावर जपानची बुलेट ट्रेन आली. बोगद्यातून निघताना तिचा दणका व्हायचा. पक्ष्यांचा नाद असलेले अभियंते एइजी नाकात्सू यांनी खंड्याच्या चोचीवरून गाडीचे नाक निमुळते करून घेतले आणि १९९७ पासून ती गाडी धावू लागली. मग कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काट्यांवरून सुचलेले व्हेल्क्रो, म्हणजे बुटा-पिशव्यांवरची चिकटणारी पट्टी. (आघाडा आमच्याही धोतरांना पिढ्यानपिढ्या चिकटतोय!) टाळ्या झाल्या, चहा झाला. रावेर-यावलची निम्मी पोरे केळीच्या बागेतून उठून आली होती, पण केळीचे नाव कोणी काढले नाही.

केळीच्या पानाचा देठ आडवा कापून बघा. आमच्या धंद्याच्या भाषेत तो चॅनल आहे, म्हणजे पन्हळीच्या आकाराचा, वरून उघडा. वजनाने सहसा वाकत नाही, पण पीळ लगेच खातो. चॅनल पिळतो म्हणून आम्ही त्याला नावे ठेवतो, जोड देतो. केळीने तीच खोड कामाला लावली. वारा आला की देठ पिळतो, पान वाऱ्याच्या दिशेने वळते आणि त्यावरचा जोर कमी होतो. तरी वारा जास्त झालाच तर पान शिरांच्या रेषेत फाटते, वाऱ्याला वाट देते आणि फाटके पानही अन्न करीत राहते. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात हे खरे, पण घडाचे ओझे वागवणाऱ्या खोडाचे दुखणे वेगळे.

आता आमचे फलक बघा. ताठ सांगाडा, त्यावर ताणलेले फ्लेक्स. बांधणारी पोरे ब्लेडने त्याला चिरा देतात, कोणी न शिकवता. वाऱ्यात वळणारा फलक किंवा ठरल्या रेषेत सुटणारी शेडनेट, हे इथेच व्हायला हवे.

नुसती नक्कलही नको. झिंबाब्वेत हरारे इथे वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी, वाळवीचे वारूळ आत गार राहते या समजातून, ईस्टगेट सेंटर ही इमारत बांधली, १९९६ मध्ये. रात्रीची गार हवा जाड काँक्रीटमध्ये मुरवायची, नेहमीचा एसी नाही. पुढे संशोधकांनी वारूळ तपासले, तर ते मुख्यतः श्वास घेण्यासाठी, गारव्यासाठी नव्हे! समज अर्धवट होता, इमारत मात्र चालली. आपल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीही दुपारची आग उशिरा आत सोडतात. पंचेचाळीस अंशात पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंग करणाऱ्याला याचे मोल कळते.

जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, औद्योगिक वसाहत आहे. या तिघांनी पुढचे शिबिर बागेत घ्यावे. देठ कापून मोजायला पोरे पाठवा. नमुना बनवायला लोखंड आणि वेल्डिंग मशीन माझे.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, भुसावळ